नावाआधीचे दोन शब्द

शारजाच्या ज्या छापखान्यात मी लग्नपत्रिका, बिलबुकं आणि हॉटेलांची मेनूकार्डं कॉम्प्युटरवर बसवायचो, तिथे मी गेलो तेव्हा कॉम्प्युटर दोन होते. एक माझा आणि एक उस्तादांचा. उस्ताद सुदानचे. उंच, सावळे, पन्नाशी ओलांडलेले, चष्म्याला काळी दोरी. कॉम्प्युटर यायच्या आधी ते बोरूने अरबी मजकूर लिहायचे आणि तो तसाच छापला जायचा. पुढे मशीन आलं तेव्हा तेही शिकले, पण की-बोर्डवरची त्यांची बोटं शेवटपर्यंत बोरू धरल्यासारखीच वाकलेली राहिली.

माझ्या मशीनवर इंग्रजी विंडोज होतं, त्यांच्या मशीनवर अरबी. आज हे सांगितलं तर मुलांना नवल वाटतं, पण तेव्हा ही दोन अगदी वेगळी विंडोज होती. अरबीत सगळं उजवीकडून सुरू व्हायचं. स्टार्टचं बटण उजव्या कोपऱ्यात, मेनू उजवीकडून डावीकडे. आमच्या मल्याळम, हिंदी, मराठीच्या फॉन्टची तर वेगळीच तऱ्हा. ते इंग्रजी अक्षरांच्याच जागी घुसवलेले असायचे. इंग्रजी विंडोजवर ते नीट दिसत. अरबीवर तीच फाइल उघडली की सत्यनारायणाच्या पत्रिकेच्या जागी अरबी अक्षरांचा खच पडायचा. आणि उस्तादांची फाइल माझ्याकडे उघडली तर त्यांची एकमेकांना धरून चालणारी अक्षरं हात सोडून, उलट्या रांगेत उभी राहायची. त्यामुळे आम्ही एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून एकमेकांच्या कामाला हात लावत नव्हतो.

एका उन्हाळ्यात एसी बंद पडला आणि उस्तादांचं मशीन जळलं. आमचा मॅनेजर मल्याळी होता, मनाने वाईट नव्हता, पण नवीन मशीन म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. मालक सुट्टीवर, ते आले की बघू, म्हणाला. मी एका मासिकात वाचलं होतं की एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग पाडून दोन्हींवर वेगवेगळं विंडोज बसवता येतं. मशीन चालू केल्यावर ते आधी विचारतं, कुठलं हवं. शुक्रवारी छापखाना बंद असताना मी ते करायला बसलो. आधी सगळी कामं फ्लॉप्यांवर उतरवून घेतली, कारण डिस्कचे भाग पाडताना एक आकडा चुकला की सगळंच पुसलं जाणार होतं. पहिल्या दोन वेळा अरबी विंडोजने इंग्रजीच्या अंगावर बसकण मारली आणि इंग्रजी दिसेनासं झालं. तिसऱ्या वेळी काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या ओळी आल्या: एक दाबा, इंग्रजी. दोन दाबा, अरबी.

शनिवारी सकाळी मॅनेजरने सगळ्यांना बोलावून ते दाखवलं. मशीनवाले, कटिंगवाला, डिलिव्हरीची व्हॅन चालवणारा पठाण, सगळे पडद्यासमोर उभे. मी एक दाबून दाखवलं, बंद केलं, पुन्हा चालू करून दोन दाबलं. उस्तादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तेव्हापासून सकाळी मशीन त्यांचं आणि दुपारच्या सुट्टीनंतर, म्हणजे चारनंतर, माझं. तिथे दुपारी एक ते चार सगळीच दुकानं बंद असायची, त्यामुळे वाटणी सोपी झाली.

काही महिन्यांनी उस्ताद दोन महिन्यांच्या रजेवर गावी निघाले. अरबीचं कोण बघणार, हा प्रश्न आला. मॅनेजर माझ्याकडे वळून म्हणाला, "तू तो क़ुरान पढ़ता है ना? फिर क्या मुश्किल है?"

मी पढायचो हे खरंच होतं. आमच्या खाडीकाठच्या गावात मौलवीसाहेबांनी मला लहानपणी जे शिकवलं ते पक्कं बसलं होतं. कुठे सूर लांबवायचा, कुठे नाकातून गुणगुणायचं, कुठे श्वास तोडायचा, सगळं. आवाजही बरा होता. शारजाच्या रोला भागातल्या आमच्या खोलीत आम्ही रत्नागिरी-रायगडकडचे आठ जण राहायचो, आणि नमाजला सगळे मलाच इमाम म्हणून पुढे उभं करायचे. पण त्यातल्या एका वाक्याचा अर्थ मला कुणी विचारला असता तर मला सांगता आला नसता. मौलवीसाहेब म्हणायचे, मतलब मोठेपणी कळेल. मी मोठा झालो, अरबांच्या मुलखात आलो, आणि मतलब तसाच राहिला. शाळा माझी मराठीतली, त्यामुळे उर्दूही कामापुरतीच.

मॅनेजरला मी हे सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "हो जाएगा."

उस्तादांना मात्र अंदाज होता. जाण्याआधी ते माझ्याजवळ बसले आणि त्यांच्या तुटक इंग्रजीत आणि त्याहून तुटक हिंदीत म्हणाले, "नवीन काही लिहू नकोस. जुनी फाइल उघड, नावं बदल, तारीख बदल, हॉल बदल. बाकी हात नाही. खलास."

पहिले काही आठवडे मी तसंच केलं. नावं गिऱ्हाईक लिहून द्यायचं, मी ती अक्षर-अक्षर बघून टाइप करायचो. अरबीच्या बाजूला बसलो की मशीनवाले कामगार मागून बघायचे. आपल्यातलाच एक माणूस उजवीकडून डावीकडे लिहितोय याचं त्यांना कौतुक. मलाही होतं. छापून आलेला मजकूर मी मोठ्याने वाचायचो, सूर लावून. कटिंगवाला बिहारी हिंदू होता, तोसुद्धा हात थांबवून ऐकायचा.

मग ती पत्रिका आली. अजमानचे एक गृहस्थ, इमारतीच्या सामानाचा व्यापार असलेले, त्यांच्या मुलीचं लग्न सख्ख्या थोरल्या भावाच्या मुलाशी ठरलं होतं. म्हणजे वधूपिता आणि वरपिता दोघे भाऊ. त्यांचा ड्रायव्हर नावांचा कागद देऊन गेला आणि घाई आहे म्हणाला. मी एक जुनी, देखणी पत्रिका उघडली आणि तिच्यात नावं भरली. त्या जुन्या पत्रिकेत वराच्या बापाच्या नावाआधी दोन शब्द होते: अल-मग़फ़ूर लहू. वधूच्या बापाच्या नावाआधी ते नव्हते.

हे शब्द मी अरबी वर्तमानपत्रांत मोठमोठ्या फोटोंखाली, मोठ्या नावांच्या आधी पाहिलेले होते. मग़फ़िरत हा शब्द दुव्यातून कानावर होता, क्षमेचा काहीतरी. ज्याला देवाने क्षमा केली आहे तो पुण्यवान, मोठा माणूस असणार, तेव्हा ही आदराची पदवी असणार, असं मी धरून चाललो. आणि मला वाटलं, वराच्या बापाला एवढी मोठी पदवी आणि जो पत्रिका छापून घेतोय, पैसे देतोय, त्याला काहीच नाही? ते बरं दिसणार नाही. मी ते दोन शब्द उचलले आणि वधूपित्याच्या नावाआधीही बसवले. उस्तादांनी सांगितलेली गोष्ट मी एवढ्या एका ठिकाणी मोडली. मजकूर दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला लागला. मी वाचून पाहिला. कानाला फार छान लागला.

पत्रिका सोनेरी अक्षरांत छापून गेल्या.

चार-पाच दिवसांनी, दुपारची सुट्टी संपून आम्ही नुकतेच दार उघडलेले असताना, ते गृहस्थ स्वतः आले. अंगात कंदुरा, म्हणजे तिथला पांढरा शुभ्र पायघोळ झगा, पिकलेली छाटलेली दाढी, हातात पत्रिका. मॅनेजर उठून उभा राहिला. त्यांच्या पिढीतले बरेच जण तरुणपणी व्यापारासाठी मुंबईला राहिलेले असत, त्यामुळे त्यांची हिंदी माझ्यापेक्षा अस्खलित होती.

"ये किसने बनाया?" त्यांनी विचारलं.

मॅनेजरने माझ्याकडे बोट केलं. ते माझ्या टेबलापाशी आले आणि पत्रिका माझ्यासमोर धरली. "पढ़ो."

मला वाटलं, अक्षरांत काही चूक राहिली असेल. मी वाचायला लागलो. सवयीने सूर लागला. मशीनवाल्यांनी मशीन थांबवलं. मी दोन्ही नावांपर्यंत गेलो, तारखेपर्यंत गेलो, हॉलच्या नावापर्यंत गेलो. ते डोळे मिटून ऐकत होते.

"माशाल्ला," ते म्हणाले. "आवाज़ बहुत अच्छा है. अब मतलब बोलो."

मी पत्रिका पुन्हा पहिल्या ओळीपासून बघायला लागलो.

"इसका." त्यांनी त्यांच्या नावाआधीच्या त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं.

"साहब, इज़्ज़त का लफ़्ज़ है," मी म्हणालो.

"इज़्ज़त का तो है," ते म्हणाले. "मरने के बाद की इज़्ज़त. इसमें लिखा है मैं मर गया. मेरा बड़ा भाई भी मर गया. दोनों मुर्दे मिलकर आपको शादी में बुला रहे हैं."

आपल्याकडे नावाआधी 'कै.' लावतात, तसे ते शब्द होते. मी दोन जिवंत माणसांच्या नावाआधी, त्यांच्या मुलांच्या लग्नपत्रिकेत, कैलासवासी छापलं होतं. तेही सोनेरी अक्षरांत.

आणि ते हसायला लागले. आधी हळू, मग पोट धरून. ते हसताहेत म्हटल्यावर मॅनेजर हसला, मॅनेजर हसला म्हणून मशीनवाले हसले. पठाण व्हॅनच्या किल्ल्या हातात घेऊन दारात उभा होता, तोही हसला. त्यातल्या निम्म्यांना काय झालंय ते कळलंही नव्हतं. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. कुणी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मला उभं राहायला सोपं गेलं असतं.

पत्रिका लगेच पुन्हा छापायच्या होत्या. आता कुणी तपासणारा नाही, म्हणून ते म्हणाले, मीच इथे बसतो. नेमका त्या वेळी मी इंग्रजीच्या बाजूला होतो, एका केरळी हॉटेलचं मेनूकार्ड उघडलेलं. ते बंद करून मशीन पुन्हा चालू करणं भाग होतं. त्या काळात मशीन बंद होऊन चालू व्हायला किती वेळ लागायचा हे ज्यांनी ते वापरलं त्यांनाच ठाऊक. मी बंदची आज्ञा दिली. ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांच्या अंगाला उदाचा वास येत होता. कुणीतरी त्यांना बिनदुधाचा सुलेमानी चहा आणून दिला. पडदा काळा झाला, मग त्यावर आकडे मोजले गेले, मग माझ्या त्या दोन ओळी आल्या.

"ये क्या है?" त्यांनी विचारलं.

"साहब, एक में इंग्लिश है, दो में अरबी."

"किसने किया?"

"मैंने."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा येईल. पण ते फक्त "शातिर" म्हणाले आणि चहा प्यायला लागले. शातिर म्हणजे आपल्याकडे लबाड, हिंदीतही तेच. मी मान खाली घातली. अरबीत त्याचा अर्थ हुशार होतो, हे मला फार पुढे कळलं. अरबी विंडोज उघडेपर्यंत आम्ही दोघं त्या पडद्याकडे बघत बसून राहिलो. मग त्यांनी ओळन् ओळ वाचली, ते चार शब्द माझ्याकडून पुसून घेतले आणि छापायला परवानगी दिली. जाताना दारातून वळून म्हणाले, "तुम शादी में आना. नहीं आओगे तो मैं ख़ुद लेने आऊँगा."

मी जाणार नव्हतो. मॅनेजर म्हणाला, जायला पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक जाईल. त्याने पठाणाला व्हॅन घेऊन माझ्याबरोबर पाठवलं.

पुरुषांचं जेवण दुपारी होतं, अजमानमध्ये, मोठ्या तंबूत. गालिचे अंथरलेले, भाताच्या आणि मटणाच्या मोठमोठ्या थाळ्या, प्रत्येकीभोवती सहा-सात जण. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो आणि दारातच घुटमळत होतो. वधूपित्यांनी मला लांबून पाहिलं, आले आणि माझा हात धरला. धरला तो सोडलाच नाही. हातात हात घालून मला एकेका थाळीपाशी नेलं आणि प्रत्येक ठिकाणी अरबीत एकच वाक्य म्हणाले. दुसऱ्या-तिसऱ्या थाळीपाशी कुणीतरी ते वाक्य मला हिंदीत सांगितलं: "हाच तो, ज्याने मला मारून टाकलं." प्रत्येक थाळीपाशी हशा. लोक उठून मला मिठी मारत होते, एका म्हाताऱ्याने माझ्या तोंडात मटणाचा तुकडा घातला. ते मला सामावून घेत होते, चूक हसण्यावारी नेऊन माझं ओझं उतरवत होते, हे आज मला दिसतं. त्या दिवशी मला फक्त एवढं दिसत होतं की तंबूतल्या शेवटच्या माणसापर्यंत सगळ्यांना आता माहीत झालंय की या मुसलमान पोराला अरबी येत नाही.

एका थाळीपाशी मात्र कुणी हसलं नाही. तिथे त्यांचा थोरला भाऊ बसला होता, वराचा बाप. तसाच चेहरा, पण वाळलेला. धाकट्याने तेच वाक्य म्हटलं. थोरल्याने माझ्याकडे पाहिलं, मी हात पुढे केला, त्याने तो घेतला नाही. धाकट्याचं हसू जरा ओशाळलं. त्याने मला तिथेच बसवलं आणि तो इतर पाहुण्यांकडे गेला.

मी भाताला हात लावला नाही. बऱ्याच वेळाने थोरला भाऊ माझ्याकडे न बघता हिंदीत बोलायला लागला.

त्यांची आई थोरल्याकडे राहायची, मसाफीच्या पलीकडे डोंगरातल्या गावात. तिला वाचता येत नव्हतं. पत्रिका तिथे पोहोचली तेव्हा तो स्वतः कामाला मस्कतला गेला होता. शेजारच्या शाळकरी मुलीने म्हातारीला पत्रिका वाचून दाखवली. जे छापलं होतं तेच मुलीने वाचलं. म्हातारीला वाटलं, दोन्ही मुलगे गेले आणि घरातल्यांनी आपल्यापासून लपवलं. सुनेने धाकट्या दिराला फोन लावला, तर तो सारखा एंगेज, कारण पत्रिका मिळालेला प्रत्येक जण त्यालाच फोन करत होता. मस्कतला निरोप पोहोचवायची सोय नव्हती.

"मैं शाम को घर पहुँचा," तो म्हणाला. "आँगन में औरतें बैठी थीं. मैं गाड़ी से उतरा तो मुझे देखकर चिल्लाईं. मेरी माँ ज़मीन पर थी. मेरा हाथ लगा तो भी आँख नहीं खोली. बोली, ये सपना है."



"अब ठीक है," तो म्हणाला. "लेकिन मैं कहीं भी जाऊँ, मुझे सुबह फ़ोन करना पड़ता है. आवाज़ सुनती है, फिर चाय पीती है."

धाकट्या भावाने यातलं एक अक्षर मला सांगितलं नव्हतं. छापखान्यात तो हसत होता तेव्हा हे सगळं घडून गेलेलं होतं. मी कसाबसा म्हणालो, "मुझे उनसे माफ़ी माँगनी है."

थोरल्याने पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. रागाने नाही. खरंच विचारतोय तसं त्याने विचारलं, "किस ज़बान में?"

मी व्हॅनमध्ये येऊन बसलो. पठाण जेवून आला, खूश होता. म्हणाला, "बड़े अच्छे लोग हैं, यार." मी हो म्हणालो.

त्या दिवसापासून खोलीत मी नमाजला पुढे उभा राहिलो नाही. घसा खराब आहे म्हणालो. घसा खराब असण्याचे दिवस संपले तरी मी मागेच उभा राहायचो, आणि मंडणगडचा एक सुतारकाम करणारा मित्र पढवायला लागला. त्याचे उच्चार कच्चे होते. कुणी मला कारण विचारलं नाही, त्याचंही मला वाईट वाटायचं. मशीनच्या त्या मेनूत मी बदल केला: काहीच दाबलं नाही तर थोडा वेळ थांबून आपोआप इंग्रजी सुरू व्हावं. उरलेल्या दिवसांत अरबीचं एकही काम मी घेतलं नाही. मॅनेजर ती कामं दुसऱ्या छापखान्यातून करून आणायचा आणि मला काही बोलायचा नाही.

उस्ताद सुदानी शेंगदाण्यांची पिशवी घेऊन परतले. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत मी त्यांच्यासमोर ती पत्रिका ठेवली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मला वाटलं, तेही हसतील.

"ही माझी चूक," ते म्हणाले. "कुठली फाइल घ्यायची ते मी सांगितलं नाही. त्या जुन्या पत्रिकेत मुलाचा बाप खरंच वारला होता."

"पण दुसऱ्या नावाला मी लावलं," मी म्हणालो. "तुम्ही हात लावू नको म्हणाला होतात."

"तू का लावलंस?"

मी सांगितलं, मला वाटलं त्यांना कमीपणा येईल. उस्तादांनी पत्रिका बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तुला कुठल्या शब्दाचा अर्थ अडला तर तू कुणाला विचारतोस?"

मी कुणालाच विचारत नव्हतो. विचारलं असतं तर येत नाही हे कळलं असतं.

दुपारच्या सुट्टीत ते घरी न जाता छापखान्यातच झोपायचे. मी त्यांना विचारलं, मला शिकवाल का. त्यांनी डुलकी सोडून मला शिकवलं, पुढची दोन-तीन वर्षं, जमेल तसं. अक्षरं मला येत होती आणि तीच मोठी अडचण होती. माझं तोंड डोळ्यांच्या पुढे धावायचं. उस्ताद पानावर हात ठेवून थांबवायचे. "गाऊ नकोस. हे काय आहे? घर. कुणाचं घर? मग पुढे." पाच-पाच मिनिटं एका ओळीवर जायची. लहान मुलांच्या क्रमिक पुस्तकातली ओळ, आणि मी तिशीला टेकलेला माणूस. कटिंगवाला झोपल्याचं सोंग करून भिंतीकडे तोंड करायचा, मला लाज वाटू नये म्हणून.

दोन हजार सालानंतर नवीन विंडोज आलं. त्यात अरबी, इंग्रजी सगळं एकातच. दोन बटणं एकदम दाबली की लिपी बदलायची. आम्हाला दोन नवीन मशीनं मिळाली आणि त्या जुन्यावरचे डिस्कचे दोन भाग मीच पुसून एक केले. तोपर्यंत मला बिल, जाहिरात, साधं पत्र कळायला लागलं होतं. बोलायला मात्र जीभ उचलायची नाही.

अजमानचे ते गृहस्थ आमचं गिऱ्हाईक राहिले होते. एका ईदला बिलबुकं न्यायला आले तेव्हा मी त्यांना म्हणालो, मला तुमच्या आईला भेटायचंय. ते हसले नाहीत. रस्ता सांगितला. ईदच्या दुसऱ्या दिवशी उस्ताद माझ्याबरोबर आले, मी मिठाईचा मोठा डबा घेतला. वाटेत डोंगर लागले तेव्हापासून मी माझं वाक्य मनात घोकत होतो. उस्तादांनी ते तपासून दिलं होतं.

थोरल्या भावाने दार उघडलं. त्याने मला लगेच ओळखलं. आत गालिच्यावर त्याची आई बसली होती, लहानखुरी, तोंडावर जुन्या पद्धतीचा बुरखा, हातांना मेंदी. मी समोर बसलो आणि वाक्य म्हटलं. आई, माझ्या अज्ञानामुळे तुमच्या मनाला जे दुःख झालं त्याची मी क्षमा मागतो. एकही चूक न करता म्हटलं.

तिने मुलाकडे पाहिलं आणि विचारलं, "हा काय म्हणतोय?"

मी शिकलो होतो ती पुस्तकातली अरबी. डोंगरातल्या म्हातारीच्या घरात तशी कुणी बोलत नव्हतं. उस्तादांनी मान खाली घातली. थोरल्या भावाने तिला त्यांच्या बोलीत सांगितलं, बरंच सांगितलं. ती मध्ये मध्ये माझ्याकडे बघत होती. मग तिने मला काहीतरी विचारलं, आणि ते मला कुणी न सांगता कळलं. "उम्मक हय्या?" तुझी आई आहे का?

"आहे," मी म्हणालो.

तिने मुलाला कॉफी आणायला सांगितलं. आम्ही प्यालो, खजूर खाल्ले. ती उस्तादांशी सुदानबद्दल काहीबाही बोलत राहिली. निघताना थोरला भाऊ फाटकापर्यंत आला. मला वाटलं, आता हात देईल. त्याने मिठाईचा डबा माझ्या हातात परत ठेवला.

"इसको शक्कर की बीमारी है," तो म्हणाला. "अगली बार मीठा मत लाना."

अगली बार, असं तो म्हणाला होता. मी पुन्हा गेलो नाही. पुढच्या वर्षी मी नोकरी बदलली, मग लग्न, मग व्हिसाची धावपळ, अशी कारणं होतीच. खरं कारण एवढंच की पुन्हा तिच्यासमोर बसायचं, तिने काही विचारायचं, आणि मला ते कळलं नाही तर, ही भीती जाईना. तो डबा आम्ही परतताना एका पेट्रोल पंपावर पाकिस्तानी कामगारांना देऊन टाकला. ते ईद मुबारक म्हणाले, उस्तादांनीही त्यांना शुभेच्छा दिल्या. मी गाडीतच बसून राहिलो.